विमान किती तासांत पोहोचते, आणि माणूस?

चिपीच्या पठारावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रवासी विमानसेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा मुंबई दीड तासावर आली असे सिंधुदुर्गात कौतुकाने बोलले गेले. ते खोटे नव्हते. मुंबई ते चिपी हे सरळ रेषेतले अंतर साधारण ३५० किलोमीटर भरते. रस्त्याने तेच पाचशेच्या पुढे जाते. पुढे उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ती मुंबईची सेवा थांबली. त्याच वर्षी बेंगळुरू, हैदराबाद, पुणे या बाजूंची छोटी विमाने सुरू झाली, शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहेच. पण मुंबईपुरते बोलायचे तर अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते, आणि प्रवास मात्र पुन्हा रात्रभराचा झाला.

दोन विमानतळांमधले अंतर किती आणि वेळ किती लागेल, हे आता कुणालाही मोबाइलवर दोन क्षणांत कळते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या घरांत हा प्रश्न अलीकडे वरचेवर विचारला जातो, कारण मुलगी न्यू जर्सीत असते, मुलगा दुबईत, भाचा बोटीवर. पडद्यावर आकडा येतो : अमुक हजार किलोमीटर, तमुक तास. तिकीट काढायला तो पुरेसा आहे. सत्तरीच्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाने हा प्रवास कसा करावा, हे ठरवायला मात्र तो अपुरा पडतो. शरीराचा हिशेब वेगळा चालतो. सलग किती तास बसून काढले, किती उंचीइतक्या विरळ हवेत काढले आणि घड्याळ किती तास मागेपुढे झाले, एवढेच त्याला कळते.

अंतर आणि वेळ यांचे हे नाते किनाऱ्यावरच्या लोकांना नवे नाही. देवबागच्या टोकाला उभे राहिले की कर्ली खाडीपलीकडे भोगवे, परुळेची बाजू समोर दिसते. होडीने काही मिनिटांचे काम. गाडीने जायचे तर मालवण, चौके, नेरूरपारचा पूल असा मोठा वळसा. सरळ रेषा एक सांगते, वाट दुसरेच सांगते.

आकाशातही तसेच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या सपाट नकाशात वाकडी दिसते. मुंबई–न्यू यॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ही वाट नकाशावर वाटते तशी थेट पश्चिमेला जात नाही. ती वायव्येकडे चढत रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडच्या बाजूने अटलांटिक ओलांडते. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोची सर्वांत जवळची वाट, सुमारे १३,५०० किलोमीटरची, तर आर्क्टिकवरून जाते. उलट काही अंतरे मनातल्यापेक्षा लहान निघतात. मुंबईहून दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आहे आणि गुवाहाटी दोन हजारांच्या वर. म्हणजे ‘परदेशी’ गेलेला मुलगा ‘देशातच’ असलेल्या मुलापेक्षा जवळ असू शकतो.

एवढे झाले तरी वेळ ठरत नाही. मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांचा वेग कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. म्हणून लंडनहून मुंबईला येताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जाताना तासभर तरी अधिक लागतो. अंतर दोन्हीकडे तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. आणि वाऱ्यापेक्षाही मोठा अडसर माणसांचा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले, भारतानेही तसेच उत्तर दिले, आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणारी काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली. एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. २०१९ साली फेब्रुवारीअखेर ते जुलै या काळात असाच अनुभव आला होता. ज्यांनी आईवडिलांसाठी मुद्दाम महागडे थेट तिकीट काढले, त्यांच्या आईवडिलांना खुर्चीत दोन-तीन तास जास्त बसावे लागले. बातम्यांत इंधनाचा आणि तोट्याचा हिशेब आला. पायांचा कुणी मांडला नाही.

तो मांडायचा तर मालवणच्या घराच्या पायरीपासून मांडावा लागतो. मुंबई–न्यू यॉर्क थेट विमान साधारण पंधरा-सोळा तास घेते. त्याआधी मालवण ते कुडाळ स्टेशन तासभर, कोकण रेल्वेची रात्र नऊ-दहा तासांची, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. स्टेशनवरून विमानतळ तास-दीड तास, तिथे तीन तास आधी हजेरी. पलीकडे उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, आणि मुलीच्या घरापर्यंत पुन्हा तास-दीड तासाची गाडी. मुंबईत नातेवाइकांकडे काढलेली दुपार वगळली तरी बेरीज तेहतीस-चौतीस तासांवर जाते. मोबाइलने सांगितलेले सोळा तास म्हणजे त्यातला जेमतेम अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्याकडे कुणाचे लक्ष नसते, आणि बसणे तर तिथेही चालूच असते.

बसून राहिल्याने नेमके काय होते? पायातले रक्त हृदयाकडे वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या पिळण्यामुळे. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला हा पंप चालतो. तासन्‌तास गुडघे दुमडून बसले की पंप थांबतो, खोल शिरांमधला प्रवाह मंदावतो आणि तिथे रक्ताची गुठळी धरू शकते. बहुतेक गुठळ्या लहान असतात आणि विरून जातात. एखादी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली, तर जीवावर बेतते.

अंतराचा आणि या धोक्याचा थेट संबंध पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरच्या एका अभ्यासाने दाखवला. १९९३ ते २००० या काळात तिथे उतरलेल्या साडेतेरा कोटींहून अधिक प्रवाशांची नोंद त्यात होती. फुप्फुसात गुठळी अडकल्याचे ५६ जणांत सिद्ध झाले. पाच हजार किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरून आलेल्यांत हे प्रमाण दहा लाखांमागे ०.०१ इतके, म्हणजे जवळजवळ शून्य. पाच हजारांच्या पुढे ते दहा लाखांमागे दीड झाले. दहा हजारांच्या पुढे ४.८. म्हणजे दुबईचा प्रवास एका गटात, लंडनचा दुसऱ्या, आणि न्यू यॉर्कचा तिसऱ्या. हे आकडे लहान दिसतात याचे एक कारण असे की विमानातून उतरताच कोसळलेले, थेट रुग्णालयात हलवावे लागलेले रुग्णच त्यात धरले होते. घरी पोहोचल्यावर आठ दिवसांनी ज्याचा पाय सुजला, तो या मोजणीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती उणीव भरून काढली. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केला की शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. घाबरून तिकीट रद्द करावे असे यात काहीच नाही. पण याच संशोधनातली दुसरी गोष्ट कोकणासाठी अधिक महत्त्वाची आहे. हा धोका फक्त विमानाचा नाही. बस, मोटार, रेल्वे, कशातही चार तासांहून जास्त एका जागी बसले की तो वाढतो. गणपतीला मुंबई–गोवा महामार्गावर बारा-चौदा तास गाडीत अडकणारा चाकरमानी याच हिशेबात येतो. त्याला कुणी सूचना देत नाही, कारण महामार्गावर हवाई सुंदरी नसते.

याला पूर्वी ‘इकॉनॉमी क्लासचा आजार’ म्हणत. नाव चुकीचे होते. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक निवाऱ्यांमध्ये रात्रभर कापडी आरामखुर्च्यांत बसून राहत, आणि फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू अचानक वाढलेले कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने नोंदवले. तिथे ना विमान होते, ना उंची. खुर्चीची कडा गुडघ्यामागे रुतत होती, एवढेच. खुर्च्यांऐवजी आडवे झोपायची सोय करावी, असे त्याने सुचवले होते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. ज्याला पूर्वी अशी गुठळी झाली आहे, ज्याची गेल्या काही आठवड्यांत खुब्याची, गुडघ्याची किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, ज्याच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री, संततिनियमनाच्या गोळ्या घेणारी स्त्री, अतिशय स्थूल व्यक्ती, यांनी लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावे. पोटरीवर मोजका दाब देणारे खास मोजे किंवा क्वचित रक्त गोठू न देणारे इंजेक्शन अशांना लागू शकते. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या सल्ल्याने ‘रक्त पातळ’ करायची अॅस्पिरिन घेऊन विमानात बसण्यात अर्थ नाही. शिरेतली गुठळी टाळायला ती फारशी उपयोगी नाही आणि जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र असतो. झोपेची गोळी तर टाळावीच. ती घेऊन सहा तास एकाच कुशीत मुडपून पडणे म्हणजे त्या लंडनच्या निवाऱ्यातली रात्र.

उपाय साधा आहे : मधल्या वाटेकडची सीट, दर तास-दोन तासांनी उठून फेरी, बसल्या जागी टाचा आणि चवडे वरखाली. पाणी भरपूर प्या असे सगळेच सांगतात. पाण्याने गुठळी टळते याचा पुरावा तसा तोकडा आहे. पण पाणी प्यायलेल्या माणसाला लघवीला उठावे लागते, आणि उठणे हाच खरा उपचार. नेमके हेच वयस्कर माणसे टाळतात. विमानातले शौचालय अडचणीचे, दाराची कडी उमगत नाही, खिडकीशी बसलेल्याला दोघांना ओलांडून जायचा संकोच, म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडले जाते आणि लघवीची गोळीही ‘प्रवासात नको’ म्हणून परस्पर बंद होते. हृदय कमकुवत असलेल्या माणसाने दोन दिवस ती गोळी चुकवली तर तो मुलीच्या घरी धाप घेऊनच पोहोचतो. व्हीलचेअरचेही असेच. इंग्रजी येत नाही, वाट चुकेल, या भीतीने धडधाकट आजी-आजोबाही व्हीलचेअर मागतात. सोबत मिळते हे खरे, पण सोळा तासांच्या बैठकीआधी आणि नंतर चालायची जी एकमेव संधी विमानतळाच्या लांबलचक गल्ल्यांत मिळते तीही जाते. चालता येत असेल तर मदतनीस मागावा आणि शेजारून चालावे. याच कारणाने वाटेत एक थांबा असलेले विमान थेट विमानापेक्षा नेहमीच वाईट असते असे नाही. दोन-अडीच तासांचा थांबा पायांना मोकळे करतो. सहा-सात तासांचा अपरात्रीचा थांबा मात्र म्हाताऱ्या माणसाला गोंधळवून टाकतो.

दुसरा हिशेब उंचीचा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, पण आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. हा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. काही नव्या विमानांत सहा हजार फुटांइतका. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. ज्याचा जन्म समुद्राकाठी गेला आणि जो फार तर आंबोलीपर्यंत चढला, तो माणूस विमानात बसून कळसूबाईच्याही वर जाऊन पंधरा तास राहतो.

निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू यामुळे तीन-चार टक्क्यांनी खाली येतो आणि त्याला ते कळतही नाही. पण ज्याची सुरुवातच ९१-९२ टक्क्यांपासून होते, त्याला हीच घट जड जाते. कोकणात अशी माणसे कमी नाहीत. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडी न ओढलेल्या स्त्रियांचीही फुप्फुसे धुराने जुनाट दम्यासारखी झालेली असतात. एक ढोबळ चाचणी घरीच करता येते. सपाटीवर सुमारे पन्नास मीटर न थांबता, धाप न लागता चालता येत नसेल, तर तिकिटाआधी तपासणी हवी. प्राणवायूची सोय विमानात होऊ शकते, पण ती आधी अर्ज भरून मागावी लागते. विमानतळावर सिलिंडर घेऊन पोहोचल्यावर नाही. रक्ताचे प्रमाण फार कमी असलेल्यांनाही हीच काळजी लागू आहे.

दाब कमी झाला की हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबाला बंदिस्त जागेतली हवा सुमारे तीस टक्के जास्त जागा व्यापते. म्हणून पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर, छातीत हवा साठली असेल तर, किंवा हाडावर नुकतेच पूर्ण प्लास्टर घातले असेल तर उड्डाण लांबवावे लागते. नेत्रपटलाच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात; तो पूर्ण जिरेपर्यंत विमानात बसायचे नाही, नाहीतर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर तशी अडचण सहसा नसते, तरी अमेरिकेला जाण्याआधी घाईघाईने डोळा उरकून घेणाऱ्यांनी डॉक्टरांना प्रवासाची तारीख सांगावी.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल आणि काही गुंतागुंत नसेल, तर साधारण सात ते दहा दिवसांनी डॉक्टरांच्या परवानगीने उड्डाण करता येते. गुंतागुंत असेल तर अधिक थांबावे लागते. झटका चालू असताना मात्र विमानाचा विचारही मनात आणू नये. जवळ विमानतळ झाला की ‘इथे वेळ घालवण्यापेक्षा विमानाने मोठ्या शहरात नेऊ’ हा मोह होतो. प्रवासी विमान ही रुग्णवाहिका नव्हे. छातीत कळ आल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. तेवढा वेळ विमानतळावर पोहोचण्यात, तपासणीत आणि विमानाची वाट पाहण्यातच संपतो, मग विरळ हवा. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि पहिला उपचार घ्यावा, पुढे ओरोस, बांबोळी की आणखी कुठे हे तिथले डॉक्टर ठरवतील. पाच विमान कंपन्यांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण ६०४ उड्डाणांमागे एका उड्डाणात वैद्यकीय प्रसंग उद्भवलेला दिसला. त्यातले तृतीयांशाहून अधिक नुसते भोवळ येण्याचे होते. वर उपलब्ध असतो तो एक औषधांचा डबा, विजेचा झटका देणारे छोटे यंत्र आणि नशिबाने एखादा डॉक्टर प्रवासी.

विरळ हवेचा एक धोका खास मालवण किनाऱ्याचा आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. तारकर्ली, देवबाग आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात दर हंगामात असंख्य पर्यटक स्कूबा डायव्हिंग करतात. पाण्याखाली सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासावाटे घेतली की तिच्यातला नत्रवायू रक्तात आणि चरबीत जास्त प्रमाणात विरघळतो. पाण्याबाहेर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. पण तो पुरता निघायच्या आत माणूस कमी दाबात गेला, तर झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे धरू शकतात. सांधे ठणकतात, त्वचेला खाज येते, चक्कर येते. क्वचित मज्जारज्जूवर परिणाम होऊन पाय लुळे पडतात. पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस अशी आहे : एकदाच बुडी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून अधिक बुड्या किंवा लागोपाठ दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास. खोल, टप्प्याटप्प्याने वर यावे लागणाऱ्या बुड्यांनंतर त्याहूनही जास्त.

पर्यटकांची बुडी उथळ आणि थोड्या मिनिटांची असते, म्हणून धोका कमी आहे. पण शिफारस त्यांना लागू नाही असे नाही. पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. सकाळी बुडी मारलेला पाहुणा संध्याकाळी कुडाळला गाडीत बसे आणि कोकणपट्टीतून, फारशी उंची न चढता, मुंबईच्या समुद्रसपाटीवर उतरे. आता चिपी जवळ आहे, मोपा दीड-दोन तासांवर, तेव्हा सकाळी समुद्राखाली आणि दुपारी आकाशात हा कार्यक्रम सहज जमतो. सहलीचे वेळापत्रक आखणाऱ्यांना तो सोयीचाही वाटतो. त्यातून ही शिफारस केवळ विमानापुरती नाही. सुमारे सहाशे मीटरच्या पुढची कोणतीही उंची तिच्यात येते. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. बुडी मारून लगेच आंबोली घाटाने कोल्हापूर-बेळगावकडे निघणाऱ्यांनीही बुडी पहिल्या दिवशी आणि घाट दुसऱ्या दिवशी असा क्रम ठेवलेला बरा. नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत मासे पाहणाऱ्यांना, म्हणजे स्नॉर्केलिंगला, यातले काही लागू नाही.

तिसरा हिशेब घड्याळाचा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. शरीराला पत्ताही लागत नाही. न्यू यॉर्क ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे, सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा. शरीरातले घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकते, आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरते. म्हणून अमेरिकेत पोहोचल्यावर आठवडाभर रात्री दोनला जागे होणे हा आजार नाही, आणि परत मालवणला आल्यावर दुपारी चारला डोळे मिटणे हाही नाही. सकाळच्या उन्हात फिरणे यावर गोळीपेक्षा चांगले काम करते. बोटीवर रुजू होणाऱ्या तरुणांना मात्र ही चैन नसते. मालवणहून निघालेला मुलगा दोन विमाने बदलून ह्यूस्टन किंवा रॉटरडॅमला उतरतो आणि कधी काही तासांतच पाळीवर उभा राहतो. शरीर तेव्हा गाढ झोपेच्या वेळेत असते, आणि समोर क्रेन, दोरखंड आणि उघडे फडके.

औषधांच्या वेळा हा यातला सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा भाग. रात्री दोनला मुंबईहून निघालेले विमान न्यू यॉर्कला सकाळी उतरते, तेव्हा मालवणात संध्याकाळ झालेली असते. आता सकाळची गोळी घ्यायची की संध्याकाळची? रक्तदाबाच्या गोळीत सहा-आठ तास मागेपुढे झाले तर बहुधा निभावते. फिट्सच्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचे आणि इन्सुलिनचे तसे नाही. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. इन्सुलिन घेणाऱ्याने तेच डोस डोळे मिटून घेतले तर जाताना साखर वाढते आणि येताना धोकादायकरीत्या उतरू शकते. प्रवासाआधी डॉक्टरांकडून वेळा कागदावर लिहून घ्याव्यात आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत मनगटावर भारताचीच वेळ ठेवावी. औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. इन्सुलिन तर सामानात टाकूच नये, ते तिथे गोठू शकते.

आणि परतीनंतरचे चार आठवडे. बसून राहिल्याने धरलेली गुठळी बहुधा प्रवासात त्रास देत नाही. ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोके वर काढते, कधी त्याहून उशिरा. तोवर बॅगा रिकाम्या झालेल्या असतात, चॉकलेटे वाटून संपलेली असतात, माणूस बागेत झाडांना पाणी घालायला लागलेला असतो. एका पायाची पोटरी दुखते, सुजते, गरम लागते. मुरगळला असेल, वात असेल, म्हणून तेल चोळले जाते. खरे तर अशा पोटरीला चोळणे टाळावे. दवाखान्यात गेल्यावर तो मधुमेह सांगतो, गुडघे सांगतो, पण बारा दिवसांपूर्वी साडेबारा हजार किलोमीटर बसून आलो हे सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो प्रवास मुंबईला उतरला तेव्हाच संपला. एका पायाची सूज, किंवा अचानक लागलेली धाप आणि श्वास घेताना छातीत टोचणे, एवढे घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरने विचारायचा आणि रुग्णाने न विचारता सांगायचा प्रश्न एकच आहे : गेल्या महिन्याभरात कुठून आलात, आणि किती तास बसून?